तिकीट हातात आलं तरी

परदेशात वर्षानुवर्षं राहून कायमचं घरी परतण्याबद्दल एकाने लिहिलंय, 'एकदा तिकीट काढलं की अर्धं घर गाठल्यासारखं वाटतं'. ते अगदी पटलं. माझे तिथले शेवटचे चार महिने असेच तरंगत गेले. पण 'तिकडे जुळवायला वर्ष लागलं, घरी काय, दोन दिवसांत रुळू' या त्याच्याच पुढच्या म्हणण्याला माझा विरोध. गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ सालीच मांडलं होतं की परदेशात मनाचा जो चढउतार होतो, तोच घरी परतल्यावर पुन्हा एकदा होतो. आलेख काढला तर डब्ल्यू अक्षरासारखा. परक्या जागी गोंधळायची तयारी ठेवूनच जातो आपण, घरी येताना ती नसते.

माझंच सांगतो. इतक्या वर्षांत माझ्यावाचून निर्णय घ्यायची घरच्यांना सवय झाली होती (होणारच, ते तरी काय करणार?) आणि मी पहिल्याच आठवड्यात कपाटं नव्याने लावायला घेतली. बायको दोन दिवस बोलली नाही. सुट्टीवर यायचो तेव्हा मी पाहुणा होतो, सगळे मुद्दाम वेळ काढायचे. त्यावरून कायमच्या परतीचा अंदाज बांधला, तिथेच फसलो.