चर्चा: सांगलीच्या उन्हात जर्मन दुर्बीण की जपानी?

तासगावचा बागायतदार
बेदाण्याचे पैसे हातात आलेत आणि तीन वर्षं मनात घोळणारी गोष्ट आता करायचीच आहे. फील्ड टार्गेटसाठी चांगली दुर्बीण घ्यायची.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. .१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची एअर रायफल असते. आंतरराष्ट्रीय नियमांत ताकद जास्तीत जास्त १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ जूल. आपल्याकडे या बोअरला २० जूलपर्यंत परवाना लागत नाही. साधारण ९ ते ५० मीटरांत कुठंही पत्र्याची लक्ष्यं ठेवलेली असतात आणि छर्रा भोकातून आत गेला तरच लक्ष्य पडतं. अंतर कुणी सांगत नाही, लेझरही चालत नाही. दुर्बिणीचं साईड व्हील, म्हणजे बाजूचं फोकसचं चाक फिरवायचं, चित्र जिथं लख्ख होईल तिथला आकडा वाचायचा आणि तेच अंतर धरून टरेटचे, म्हणजे नेम वरखाली करणाऱ्या बटणाचे, क्लिक द्यायचे.

माझ्यापुढं दोन दुर्बिणी आहेत: जर्मन श्मिट अँड बेंडरची १२.५-५०x५६ आणि जपानी मार्चची १०-६०x५६ हाय मास्टर (आधीचे आकडे किती पट मोठं दिसतं त्याचे, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). हातात येईपर्यंत दोन्ही तीन लाखांच्या पुढं जातात. माझा कल मार्चकडं आहे. काचेत ती उजवी आहे असं मी म्हणत नाही. माझं कारण आहे ऊन.

बागेच्या कडेला, मोठ्या बांधासमोर आमची सरावाची जागा आहे. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता ४५ मीटरवरचं लक्ष्य माझ्या आत्ताच्या दुर्बिणीत बरोबर ४५ दाखवतं. बारा वाजता तेच लक्ष्य, तीच जागा, आणि चाक दाखवतं ४८. दुर्बिणीची नळी तापते, आतली भिंगं किंचित सरकतात. इतक्या लांब एक मीटर चुकलं की छर्रा अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वरखाली जातो. सगळ्यात मोठं भोक ४० मिलिमीटरचं. म्हणजे तीन मीटरच्या फरकात नेम अगदी मधोमध असला तरी छर्रा कडेवर आदळतो. मार्चनं तापमानामुळं फोकस सरकू नये म्हणून खास भिंगाची रचना दिलीय. मला पैसे त्यासाठी मोजायचेत.

मिरजेहून
तासगावकर, निदान बरोबर आहे, औषध चुकतंय. श्मिटची ही दुर्बीण याच खेळासाठी बांधलेली आहे. चाक, त्यावरचे आकडे, जवळच्या अंतराचा फोकस, सगळं त्या हिशेबानं. तापमानानं आकडा सरकतो हे खरं, पण तो रोज तसाच सरकतो. जी चूक रोज सारखी होते तिचा तक्ता करता येतो. मी नळीवर छोटा थर्मामीटर चिकटवलाय आणि चाकाला दोन पट्ट्या: निळी सकाळची, लाल दुपारची. चार रविवार घातले, काम झालं.

आणि ६० पटीचं काय करणार? ५६ ला ६० नं भागा, डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका एक मिलिमीटरच्याही आत. त्यात काळ्या रानावर दुपारी हवा अशी लहरते की भोकाची कड नाचते. मी तर ३५ च्या वर जातच नाही. जे आकडे वापरायचे नाहीत त्यांच्यासाठी पैसे का घालायचे?

अजिंक्यताऱ्याखालून
दोघांनाही विरोध करतो, राग मानू नका. तीन लाख दुर्बिणीत घालणंच मला पटत नाही. साईटरॉनची एसथ्री १०-५०x६० यापेक्षा बरीच स्वस्त आहे आणि जगभर याच खेळात वर्षानुवर्षं चाललीय. उरलेल्या पैशांत छर्रे घ्या, एकाच बॅचचे डबे भरून ठेवा आणि वारा शिका.

मी साताऱ्याचा. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ताशी आठ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारा, ४५ मीटरवर तुमचा छर्रा चार-पाच सेंटीमीटर बाजूला नेतो. अख्ख्या भोकापेक्षा जास्त! हे कुठलीच काच सांगत नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं ते पीप साईटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून, दुर्बिणीशिवाय.

तासगावचा बागायतदार
साताराकर दादा, कुसाळेंचं पदक आम्ही टीव्हीसमोर उभं राहून पाहिलंय. पण तो खेळ वेगळा. तिथं दुर्बिणीला नियमानंच बंदी आहे आणि अंतर पक्कं ५० मीटर, इंचानं हलत नाही. आमच्याकडं अंतर शोधणं हाच अर्धा खेळ.

वाऱ्याचं म्हणाल तर मान्य, पण वाऱ्याची चूक आडवी पडते आणि अंतराची उभी. माझ्या पाट्या कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून कापून आणलेल्या, वर पांढरा रंग. प्रत्येक चुकलेल्या छर्ऱ्याचा करडा डाग उमटतो. गेल्या महिन्यात सकाळच्या आणि दुपारच्या पाट्या शेजारी ठेवून पाहिल्या. सकाळचे डाग भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला. दुपारचे जवळजवळ सगळे वरच्या कडेला, एकमेकांवर. चाक जास्त अंतर सांगतं, मी जास्त क्लिक देतो, छर्रा वर जातो. हा वारा नाही.

मिरजेचे काका, तक्ता मीही केला होता. पण ढग आला, दहा मिनिटांत नळी निवली, की निळी पट्टी खरी की लाल? नळीचा पत्रा लगेच थंड होतो, आतली भिंगं मागून.

विट्याचा स्प्रिंगवाला
मध्येच एक सांगतो. रायफल स्प्रिंगची असेल तर दुर्बीण त्यावर टिकेल का, ते आधी कंपनीला लेखी विचारा. स्प्रिंगचा धक्का मागं आणि लगेच पुढं, दोन्हीकडं बसतो. मोठ्या बोअरच्या रायफलींवर टिकणाऱ्या दुर्बिणीही त्यात खिळखिळ्या होतात. माझ्या एका महागड्या दुर्बिणीचं रेटिकल, म्हणजे आतली नेमाची फुली, असंच तिरकं झालं. दुरुस्तीला दिली ती आठ महिन्यांनी परत आली, तोवर हंगाम संपला. वॉरंटी कागदावर कितीही चांगली असो, वस्तू परदेशी जाऊन यायला किती दिवस लागतात ते आधी विचारा.

तासगावचा बागायतदार
माझी पीसीपी आहे, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, धक्का नावालाच. पण दुरुस्तीच्या दिवसांचं मी विचारलंच नव्हतं. दोन्हीकडं आज मेल टाकतो.

मिरजेहून
ढगाचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. तरी तीन लाख जाहिरातीवर टाकू नका. येत्या रविवारी माझी श्मिट घेऊन तुमच्या बांधावर येतो. सकाळी सात, दहा आणि साडेबारा, तिन्ही वेळा ४५ मीटरची तीच पाटी, दहा-दहा वेळा चाक फिरवून आकडा लिहायचा. वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, म्हणजे मनासारखं वाचलं जाणार नाही. मग वीस मिनिटं सावलीत ठेवून पुन्हा. माझी एका मीटरच्या आत राहिली तर मार्चचा विषय बंद करा. नाही राहिली तर मीच म्हणेन, घ्या मार्च.

अजिंक्यताऱ्याखालून
रविवारी मीही निघतो. आकडे मी लिहितो, माझा दोन्ही दुर्बिणींशी संबंध नाही. मात्र साडेबाराच्या फेरीत छर्रेही मारायचे, रायफलीच्या नळीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधायचा आणि प्रत्येक छर्ऱ्याआधी धागा कुणीकडं उडतोय तेही शेजारच्या रकान्यात लिहायचं. डाग उभे पडतात की आडवे, ते पाटीवरच मोजू.