रोडट्रिपवर समुद्राचे फोटो: दर वळणावर थांबायचं की एकच किनारा धरून बसायचं?

खारावारा (मूळ धागा)
उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्याने आठ दिवस गाडीने फिरून आलो. शेकड्यांनी फोटो काढले, पण मनासारखे तीनच. तिन्ही एकाच जागचे, जिथे गाडी बिघडल्यामुळे अडकून पडलो होतो. पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटी साडेचारला होती. खडक उघडे, शेवाळ हिरवंगार, पण ऊन करकरीत. सूर्यास्तापर्यंत खडक बुडायला लागले. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिसऱ्या दिवशी ती सहा-सव्वासहाला, ऐन सूर्यास्ताला आली. लाट मागे फिरली की खडकांच्या फटींतून पाणी ओघळायचं आणि प्रत्येक ओघळात केशरी आभाळ! किनारे कमी करा, मुक्काम वाढवा, असं माझं ठाम मत झालंय.

भटकंती
अजिबात पटलं नाही. सगळी मदार सूर्यास्तावर कशाला? भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा उजेड उथळ पाण्यात थेट तळापर्यंत पोचतो. वाळूवर फिकट हिरवा रंग, खोलीकडे गडद निळा, मध्ये प्रवाळाचे तपकिरी डाग. घाटातल्या वळणावरून लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा आणि हळूहळू फिरवा. पाण्यावरची चकाकी पुसली जाते, तळ दिसायला लागतो. हे पुळणीवर बसून दिसत नाही, त्यासाठी रस्ताच हवा. आणि तिन्ही संध्याकाळी आभाळ भरून आलं असतं तर?

खारावारा
पोलरायझरचं मान्य. पण संध्याकाळी धावतपळत थांबणाऱ्यांचं काय होतं ते मी भोगलंय. एसी गाडीतून कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. काच निवळेपर्यंत अंधार.

भटकंती
अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा खाली करा. कॅमेरा बंद बॅगेतच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. एवढ्यासाठी प्रवास का सोडायचा?

तिपाई
मी खारावाराच्या बाजूने, पण माझं कारण लाट आहे. 10 स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड सुमारे हजारपट कमी करणारी गडद काच) लावला की 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, 34 सेकंदांवर जातं आणि समुद्राचा नुसता धूर होतो. कुठेही काढा, सगळे किनारे सारखेच. मला ते समुद्रावर अन्याय केल्यासारखं वाटतं. अर्ध्या ते एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये परतणाऱ्या फेसाच्या रेघा उमटतात, त्यांत त्या जागेचा उतार दिसतो. पण नेमकी लाट पकडायला त्या खडकावर पाणी कसं फुटतं ते आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघावं लागतं. मोठ्या लाटा एकामागोमाग येतात, कुठवर चढतात, हेही तेव्हाच कळतं. वळणावर गाडी चालू ठेवून हे होत नाही.

भटकंती
लाटेचं खरंय, ते मी कधी इतकं थांबून पाहिलेलं नाही. तरी पुढच्या वेळी निम्मे दिवस रस्त्याचेच. ढगाची सावली हिरव्या पाण्यावरून सरकताना मला वळणावरच भेटली होती, दोन मिनिटांसाठी.