दहा चाकी, मालक-चालक: आठवड्यात दोनदा घर आणि हप्ताही निघेल असं काही जमतं का?

घाटमाथा

घर कराडजवळ. २८ टनी दहा चाकी, हप्ता चालू, चालवणारा मीच. दिल्ली लाइनला भाडं एकरकमी मोठं मिळतं, पण बारा-बारा दिवस घराचं तोंड दिसत नाही. जवळचा फेरा धरला तर कमाई किती घटेल? हिशोब कसा लावायचा?

काटा_पावती

भाऊ, भाडं फेरीवर मोजू नका, दिवसावर मोजा. आणि दिवस माल भरायचा नंबर लावल्यापासून धरा, पुढचा नंबर लावेपर्यंत. खालचे आकडे पद्धत कळण्यापुरते आहेत, तुमचे स्वतःचे घाला. डिझेल लिटरला ₹९२, ॲव्हरेज लिटरला ४ किमी, टायरचे किलोमीटरला ₹२.५० बाजूला.

कराड-दिल्ली येणंजाणं ३,२०० किमी. दोन्ही बाजूंचं भाडं मिळून समजा ₹१,३४,०००. डिझेल ७३,६००, टोल १७,०००, टायर ८,०००. उरले ३५,४००. बारा दिवसांवर भागले की रोजचे ₹२,९५०.

कराड-वाशी येणंजाणं ६०० किमी. जाताना साखर, येताना खत किंवा कळंबोलीचं लोखंड, मिळून समजा ₹३१,५००. डिझेल १३,८००, टोल ५,०००, टायर १,५००. उरले ११,२००. तीन दिवसांत फेरा झाला तर रोजचे ₹३,७३०.

म्हणजे जवळचा फेरा हरत नाही. पण गाडी खाली व्हायला, म्हणजे माल उतरायला, एक दिवस जास्त लागला की तेच ११,२०० चार दिवसांवर जातात आणि रोजचे ₹२,८०० होतात. दिल्लीच्या फेरीत एक दिवस वाया गेला तर २,९५० चे २,७२० होतात. लांबच्या लाइनला वाट बघणं झेपतं, जवळच्या फेऱ्याला ते मारून टाकतं. हप्ता, विमा, दलाली, जेवणखर्च अजून यातूनच जायचा आहे.

वाराई_बंद

वरचं बरोबर, म्हणून भाडं ठरवताना दरापेक्षा चार गोष्टी आधी विचारा. गोदाम किती वाजेपर्यंत गाडी आत घेतं, हमाल कोणाचे, शनिवारी दुपारनंतर वजनकाटा चालू असतो का, आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कितव्या तासापासून. हॉल्टिंग तोंडी ठरलं तर मिळत नाही. पोचल्याची वेळ गेटवर लिहून घ्या, शिक्का मारून घ्या आणि बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) फोटोसह लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या फोटोवरून वाद होतो. वाराई, म्हणजे चढ-उताराची हमाली, हीसुद्धा भाड्यात की वेगळी, ते आधीच लिहून घ्या.

भरलेली गाडी घरी आणून लावायचा मोह सगळ्यांना होतो. ई-वे बिलाची (माल नेण्याच्या जीएसटी परवान्याची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे ३०० किमीच्या मालाला दोनच दिवस. रविवार घरी काढलात की मुदत रस्त्यातच संपते. वाढवायची तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच, आणि कारण द्यावं लागतं. घरी यायचं तर रिकामी गाडी घेऊन या. मालाचा धोकाही टळतो. पावसाळ्यात साखर किंवा खत असेल तर दोन ताडपत्र्या. भिजलेल्या पोत्यांचे पैसे भाड्यातूनच कापतात.

घाटमाथा

फरक ओव्हरलोडने भरून काढा असं अड्ड्यावर सांगतात.

काटा_पावती

सांगणाऱ्याची गाडी नसते. दंड ₹२०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला ₹२,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. वर बघा, अख्ख्या फेऱ्यात उरतात ११,२००. घाटात ब्रेकचे लायनर आणि टायर जळतात ते वेगळंच.

बीएससिक्स_मिस्त्री

घरचा दिवस म्हणजे गाडीचाही दिवस. ग्रीसिंग, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, व्हील नट कसणं, टायर थंड असताना हवा बघणं, ब्रेकचं सेटिंग. ही कामं घरी उरकली नाहीत तर भरल्या गाडीनिशी रस्त्यात करावी लागतात, आणि रस्त्यातला मेकॅनिक तुमची घाई ओळखतो.

गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची) असेल तर रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवू नका. आयडलिंगवर एक्झॉस्ट तापत नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. जवळच्या फेऱ्यात हा त्रास जास्त. डीपीएफचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता मोकळ्या रस्त्यावर लोडवर सलग चालवा किंवा गाडी उभी करून रीजनरेशन करा, म्हणजे काजळी जाळून टाका. टाळत राहिलात तर पॉवर कमी होते. डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) सुट्ट्या कॅनमधून स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, नोझलवर पांढरे खडे जमतात.

जमाखर्च

एक राहिलं. दहापर्यंत गाड्या असतील तर पॅनसह डिक्लरेशन द्या, भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. अनुमानित पद्धतीत आयकर भरलात तर १२ टनांवरच्या गाडीचं उत्पन्न दर टनाला महिना ₹१,००० धरतात, म्हणजे तुमच्या गाडीचे २८,०००. गाडी महिनाभर दारात उभी असली तरी तेवढेच. त्यामुळे सुट्टी घेतली म्हणून हा आकडा खाली येत नाही.

भाड्याचे बाकीचे पैसे पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या सही-शिक्क्याच्या पावतीवर, अडकतात. जवळच्या फेऱ्यात फेऱ्या जास्त, म्हणजे अडकलेल्या बाक्याही जास्त. एकाच ट्रान्सपोर्टकडे तीनपेक्षा जास्त बाक्या साचू देऊ नका. चौथ्या भरतीआधी पहिली चुकती करून घ्या.

घाटमाथा

वाशीत साखर कोणत्या वारी उतरवलेली बरी?

वाराई_बंद

वार बाजारागणिक बदलतो, गोदामाला फोन करूनच निघा. रात्री घाट उतरून पहाटे गेटवर पोचा, म्हणजे नंबर वर लागतो आणि शहरातल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आड येत नाहीत. शुक्रवारी रात्री मात्र भरू नका. शनिवारी दुपारपर्यंत खाली झाली नाही तर रविवार तिथेच जातो.