व्हॉट्सॲपवर पत्रिका आली म्हणजे बोलावणं झालं का?

राजापूरकर (धागा सुरू करणारा)
येत्या वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, गावी, घरच्या अंगणात मांडव घालून. मुंबईच्या भावकीचं म्हणणं असं की पत्रिकेचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला की काम झालं, आता घरोघर कोण फिरतं? मला हे मुळीच मान्य नाही.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवघरात, दुसरी ग्रामदेवतेपुढे. नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कार्याला हात लागत नाही. देवासमोर उभं राहून सांगतो आणि ज्यांच्या जिवावर मांडव उभा राहणार त्यांना फोटो पाठवतो, हे मनाला पटत नाही.

दुसरं म्हणजे बोलावणं एकाच प्रकारचं नसतं. घरटी एक माणूस, की चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं आणि चूल पेटवायची नाही, की फक्त अक्षता टाकायला, हे ओटीवर बसून बोललं की कळतं. फोटोवरून काय कळणार? मग भीडस्त माणूस आपल्या मनानेच ‘घरटी एक’ धरतो, पोराला पाठवतो आणि म्हातारी मागे घरी राहते.

नालासोपाऱ्याची कणकवलीकर
फिरणार कोण ते आधी सांगा. तुम्ही रजेवर चार दिवस आधी येणार. चैत्राच्या उन्हात सड्यावरून खालच्या वाडीत आणि परत चढावर जाणार तुमचे आईवडील. माझ्या वडिलांचे गुडघे असेच एका लग्नसराईत कामातून गेले. एक घर चुकलं म्हणून वर्षभर बोलणं बंद झालं ते वेगळंच.

शिवाय अर्ध्या घरांना कुलूप असतं. माणसं विरारला, दिव्याला, पनवेलला. कडीला पत्रिका अडकवून येण्यापेक्षा त्यांच्या फोनवर पोचलेली काय वाईट?

आणि छापील पत्रिकेच्या तळाची ओळ आठवा. ‘प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देणे शक्य न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे.’ ती आपल्या आजोबा-पणजोबांनी छापली. त्यांनी पोस्टावर भरवसा ठेवला, आपण मोबाईलवर ठेवतो.

चिपळूणचे मास्तर
संस्कृत शिकवत होतो म्हणून थोडी भर घालतो. आपण आमंत्रण आणि निमंत्रण एकाच अर्थाने वापरतो, पण व्याकरणकारांनी त्यांत फरक केला आहे. पाणिनीच्या एका सूत्रात दोन्ही शब्द शेजारी येतात. भट्टोजी दीक्षितांनी पाणिनीच्या सूत्रांवरच्या सिद्धांतकौमुदी या ग्रंथात त्यांचा उलगडा असा केला: निमंत्रण म्हणजे टाळता न येणारं, जसं श्राद्धाच्या भोजनाला मुलीच्या मुलाला बोलावणं. आमंत्रण म्हणजे येणं न येणं तुमच्या इच्छेवर सोडणं.

माझं मत याच फरकावर उभं आहे. ज्यांच्यावाचून कार्य अडतं, म्हणजे मामा, आत्या, गावचे मानकरी, शेजारचं घर, त्यांना निमंत्रण आणि ते जाऊनच. कचेरीतले, शाळेचे जुने सोबती, दूरचे ओळखीचे यांना आमंत्रण, ते मोबाईलवरून खुशाल द्यावं. त्यात त्यांचा अपमान नाही, उलट त्यांना न येण्याची मोकळीक मिळते.

गडग्यापलीकडून
मास्तर, यादी कोण करणार? ‘ज्यांच्यावाचून अडतं’ त्यांत आम्ही नव्हतोच.

हा धागा वाचताना सगळ्यांना ओटी आठवते आहे. माझ्या आजोबांना बोलावणं ओटीवर कधी आलं नाही. माणूस गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाच्या, बाहेर उभा राहून हाक मारायचा, ‘परवा लग्न आहे रे, या’, आणि पुढे जायचा. जेवायला बसायचं ते वेगळ्या पंगतीत, शेवटी. वाजवायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. घरोघर जाऊन बोलावण्याची रीत जितकी जुनी, तितकीच कोणाच्या घरात पाऊल टाकायचं आणि कोणाच्या नाही ही रीतही जुनी.

ग्रुपवर पत्रिका पडते तेव्हा सरपंचाला आणि मला एकाच क्षणी, एकच पत्रिका येते. मला ती थंड वाटत नाही. तुम्हाला जी ऊब आठवते ती आमच्या दारापर्यंत आलीच नव्हती, म्हणून तिच्या जाण्याचं दुःख आम्ही तुमच्याइतकं करू शकत नाही.

राजापूरकर
तुमचं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं. आमच्या वाडीतही हे होतं, मी नाकारणार नाही. पण त्यावरचा उपाय फोटो आहे असं मला वाटत नाही. ज्या दारात माणूस गेला नाही त्या दारात त्याने आता गेलं पाहिजे, ओटीवर बसलं पाहिजे, पाणी प्यायलं पाहिजे. सगळ्यांना सारखाच मेसेज पाठवला तर ते न गेलेलं पाऊल कायमचं राहून जातं, आणि वर ‘आम्ही भेद करत नाही’ असं म्हणायची सोय होते.

मालवणी गाववालो
आमच्या वाडयेत लग्नाचां बोलावणां म्हंजे कामाची वाटणी. मांडवाक बांबू कोणाचे, नारळ सोलूक कोण, वाडूक कोण, ह्यां सगळां ओटयेर बसान ठरायचां. आता केटरर जेवाण घालता, मांडवपण तोच बांधता. माणसाची गरजच ऱ्हवली नाय, म्हणान बोलावणां हलक्यां झालां. मोबाईलाक कित्याक दोष देतास?

कुडाळ, केटरिंग
गाववाल्यांनी नाव घेतलंच आहे तर सांगतो. आम्ही ताटावर पैसे घेतो, आणि यजमानाला ताटांचा आकडा कधीच धड सांगता येत नाही. घरी जाऊन बोलावलं की समोरचा ‘येतो हां’ म्हणतो. ‘नाही जमणार’ असं तोंडावर म्हणणं आपल्याकडे अशुभ. मग सांगितलेल्या ताटांपेक्षा कधी कितीतरी कमी माणसं येतात, कधी शेवटच्या पंगतीला भात पुन्हा लावावा लागतो. हल्ली काही यजमान मेसेजमध्येच विचारतात, किती जण येणार? उत्तरं येतात आणि बरीचशी खरी निघतात. अन्न वाया जात नाही ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

नालासोपाऱ्याची कणकवलीकर
बघा! आणि माणूस समोरून बोलवायला आला तरच येतो हेही खरं नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा घ्या. तिची तिथी ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन तारीख निघते. ती नुसती कळते आणि मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. गणपतीतही आपण आरतीला, भजनाला कोणाच्या निरोपाची वाट बघत नाही. ओढ असली की कळवणं पुरतं.

राजापूरकर
जत्रेला जाणारा स्वतःचं काही मागायला जातो, नवस फेडायला जातो. गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्याच घरी देव असतो. लग्नात गरज आमची आहे. मुलगी आमची जायची आहे, तिच्या पाठीमागे उभी राहणारी माणसं आम्हाला हवी आहेत. ज्याला गरज, त्याने उठून जावं.

वेंगुर्ल्याची सून
तुम्ही सगळे ‘घर’ म्हणताय. घरात बाईपण असते. पुरुष येतात, पुरुषांना सांगतात, पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहितात. माझी सासू विधवा. हळदीकुंकवाचं सांगायला येणाऱ्या बायका ओटीवर तिच्याशी गप्पा मारतात आणि बोलावणं मला करतात, तिच्या देखत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्या बचतगटात त्यावर बरंच बोलणं झालं. तरी पुढच्या संक्रांतीला कोणी तिचं नाव घेतलं नाही.

त्यामुळे मी राजापूरकरांच्या बाजूची आहे, पण एका अटीवर. मेसेजने हे सुटत नाही, कारण मेसेज तिला येतच नाही, तिच्याकडे तसला फोन नाही. तिच्यासमोर बसून, तिचं नाव घेऊन, ‘तुम्हीपण या, ओटी भरायला या’ असं कोणीतरी म्हणायला हवं. राजापूरकर, तुमच्या बहिणीच्या लग्नात हळद लावायला विधवा आत्या-काकूंना बोलावणार आहात का?

राजापूरकर
आईशी बोललो. माझ्या थोरल्या काकूला पहिली हळद लावायला सांगायचं तिने कबूल केलं. आजी अजून तयार नाही, तिच्याशी बोलणं चालू आहे. मुंबईच्या मंडळींना फोटो पाठवून मागाहून फोन करणार. वाडीत मी आणि बहीण जाऊ, आईवडिलांना उन्हात चालवणार नाही. वहाळापलीकडच्या घरांपासून सुरुवात करायची ठरवली आहे.

गडग्यापलीकडून
जा. पण चहा पुढे केला तर ‘आत्ताच घेऊन आलो’ म्हणू नका.