मदत हवी आहे: बोलिंग बॉलला बेळगावात होल मारून मिळतील का?

नमस्कार मंडळी. १५ पौंडी, सिमेट्रिक कोअरचा (आतला गाभा समान आकाराचा) रिॲक्टिव्ह (लेनवर जास्त पकड घेणाऱ्या रेझिनच्या कव्हरचा) बॉल आहे, अजून कोरा, म्हणजे होल न मारलेला. खेळणारा दोन हातांनी टाकतो, अंगठा घालत नाही. म्हणून बोटांची दोनच होल हवीत. ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) नियमात पकडीला न लागणारं होल चालत नाही. म्हणजे वजन जुळवायला मागाहून जादा होल मारायची सोयच गेली, जे साधायचं ते लेआउटमध्येच, म्हणजे होल कुठं घ्यायची त्या आखणीत.

पिन (गाभ्याचं टोक दाखवणारी बॉलवरची खूण) ते पीएपी (टाकताना बॉल ज्या अक्षावर फिरतो त्याचं बॉलवरचं टोक) अंतर ३.३७५ इंच ठेवलं की फ्लेअर, म्हणजे दर फेरीला लेनला टेकणारा पट्टा सरकणं, सर्वांत जास्त, बॉल शेवटाला जोरात वळतो. पाच इंचांकडे नेलं तर वळण आटोपशीर. साडेचार बरं वाटतंय, पण नियमाप्रमाणे बॉलच्या समोरासमोरच्या अर्ध्या भागांतला वजनाचा फरक ३ औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅमच्या आत हवा. तो इथं मोजायचा कुठं?

उद्यमबागेत मशिनी आहेत. गोल बॉल पिच (होलचा तिरपेपणा) देऊन पक्का धरायचा कसा, हा प्रश्न. नुसत्या वाईसच्या दातांनी कव्हरवर वळ उठतात. वेग जास्त झाला तर रेझिन तापून ड्रिलला चिकटतं, होलचं माप बिघडतं. होलच्या कडा हातानं बेव्हल करता येतील, म्हणजे घासून गोलसर करता येतील, तेवढं अवघड नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीत कुणाकडे बॉल असा धरणारं जिग (पकडसाचा) किंवा बॉल तोलायचा काटा आहे का? निदान जिगचं ड्रॉइंग तरी द्या.