मदत हवी आहे: कोरियन स्क्रोलच्या कडा आत वळतायत

सोलमध्ये राहतो. इन्साडोंगच्या एका दुकानातून निसर्गचित्राचा स्क्रोल (इथे चोक्चा म्हणतात) घेतला. इन्वांगसानचा डोंगर, कोरियन चित्रकार चोंग सोनच्या 1751 च्या प्रसिद्ध चित्राच्या धाटणीचा. नक्कलच आहे, जुना नाही, त्यामुळे किमतीचा किंवा खरं-खोट्याचा प्रश्न नाही. हानजी कागदावर शाई, मागे कागदाचं अस्तर, कडेला रेशमी पट्टी, खाली लाकडी दांडा. उंची साधारण 120 सेंमी.

ऑक्टोबरपर्यंत सरळ लटकत होता. ओन्डोल, म्हणजे जमिनीखालचं हीटिंग, सुरू झाल्यापासून दोन्ही उभ्या कडा आत वळल्या आहेत, मधोमध एक आडवी घडीही दिसते. खोलीतली आर्द्रता 25 टक्क्यांच्या आसपास. चित्र हीटरजवळ नाही, ऊनही येत नाही.

आतापर्यंत केलं ते असं: ह्युमिडिफायर लावून 45 टक्क्यांवर आणलं, आठवडाभरात वळण थोडं कमी झालं, घडी तशीच. उलटं गुंडाळून बघा असं एकाने सुचवलं, पण शाईला तडे जातील या भीतीने केलं नाही. इस्त्री तर नाहीच!

एप्रिलमध्ये पुण्याला परततोय, म्हणजे पुढे पावसाळ्याची दमट हवा. इथला प्योगूवाला (स्क्रोल बांधणारा कारागीर) म्हणतो, अस्तर काढून सगळं नव्याने बांधू. खर्च परवडेल, पण चित्र भिजवावं लागेल आणि त्यावरच्या लाल शिक्क्याचा रंग पसरेल अशी धास्ती वाटते.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांना विचारतो: घडी फक्त मागून कागदाची पट्टी चिकटवून जाते का, की पूर्ण बांधणी बदलावीच लागते? आणि ते इथेच करावं, की पुण्याच्या हवेत एक पावसाळा काढल्यावर?