घर केवढं असावं? फेंगशुई, वास्तू आणि आपापले अनुभव

निवांत_दुपार
परवा माळा आवरताना तीन पायांचा बेडूक सापडला, तोंडात नाणं धरलेला. २००० च्या आसपास घरोघरी ही साथच आली होती ना, लाफिंग बुद्धा, विंडचाइम, लाल फितीत बांधलेली चिनी नाणी. आम्ही तेव्हा डोंबिवलीत वन आरकेत सहा जण, त्यात बेडकाची दाराकडे पाठ हवी म्हणून चपलांचं स्टँड बाहेर गेलं आणि शेजारच्या काकूंशी वाजलं ते वेगळंच. सांगणारे म्हणाले घर लहान आहे म्हणून पैसा टिकत नाही. बाबांनी मोठं घेतलं, मग हप्त्यामुळे टिकेना 😄 तुमच्याकडे काय काय झालं, लिहा.

चहाबाज
तुम्हाला उलटं सांगितलं की हो. 'ह्वांगदी चायचिंग' नावाचा जुना चिनी ग्रंथ आहे घरांवरचा, त्यात घराचे पाच रिकामेपणे आणि पाच भरलेपणे दिलेत. घर मोठं माणसं कमी, हा पहिला रिकामेपणा, त्याने दारिद्र्य. घर लहान माणसं जास्त, हा पहिला भरलेपणा, त्याने भरभराट. दार मोठं नि आत घर छोटं, हेही वाईटच. तुमचं वन आरके एकदम पास.

परळकर
मग आमची बीडीडी चाळ म्हणजे कुबेराचा वाडा!! १६० फुटाची खोली, संडास मजल्यावर कॉमन, गणपतीत कोकणातले सगळे आले की पुरुष मंडळी गॅलरीत झोपणार. आता रीडेव्हलपमेंटमध्ये ५०० फूट मिळणार तर आजीचं एकच, एवढ्याला झाडू कोण मारणार

सहज_आलो
५०० कार्पेट की बिल्टअप?

परळकर
कार्पेट. सगळे आधी हेच विचारतात

बेटावरून
हाँगकाँगात राहतो. इथे हे अंगवळणी पडलंय, चार आकडा अशुभ मानतात म्हणून बऱ्याच बिल्डिंगींत ४, १४ हे मजलेच नसतात. रिपल्स बेला एका इमारतीच्या मधोमध भलंमोठं भोक आहे, लोक सांगतात की डोंगरातला ड्रॅगन त्यातून पाणी प्यायला समुद्रावर जातो. आणि घरं? पाय दाराकडे करून झोपू नये म्हणतात, इथे आमच्या खोलीत पलंग एकाच पद्धतीने बसतो आणि बसवल्यावर दार अर्धंच उघडतं. ड्रॅगनला वाट आहे, मला नाही.

तिखटमीठ
😂😂 शेवटचं वाक्य

ओसरी
इथे सगळे लहान घराचं लिहितायत, आमचं उलट. साताऱ्याकडे वाडा, एके काळी पंगतीला जागा पुरायची नाही, आता फक्त आईबाबा. चार खोल्यांना कुलूप, दिवाळीला उघडतो तेव्हा वास येतो कोंदट. आई माजघरात दिवसभर रेडिओ लावून ठेवते, ऐकत नाही ती, नुसता आवाज हवा म्हणते. वास्तुवाले येऊन ईशान्य, नैऋत्य बघून गेले, सगळं बरोबर आहे म्हणाले. चहाबाज, ते पहिलं रिकामेपण वाचून गलबललं जरा. विकायचं म्हटलं तर बाबा बोलणंच बंद करतात

निवांत_दुपार
ओसरी 🙏 दोन खोल्या भाड्याने देता येतील का? कॉलेजची मुलं वगैरे. आमच्या मावशीने तसं केलं, घर परत बोलतं झालं.

ओसरी
विचारते. बाबा नाहीच म्हणतील पण आईला आवडेल, तिला कुणीतरी खायला घालायला हवंच असतं

तिखटमीठ
विषय सोडून विचारतेय सॉरी, माझ्या लकी बांबूची पानं पिवळी पडतायत, अपशकुन असतो का हो? सासूबाई रोज टोमणा मारतात

चहाबाज
अपशकुन कसला, तो बांबूच नाहीये मुळात, ड्रेसिना नावाचं वेगळंच झाड आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने होतं बऱ्याचदा. पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घाला, आठवड्याने बदला, थेट ऊन नको

तिखटमीठ
कुंडीत मातीत लावला तर?

परळकर
लावा बिनधास्त, आमचा गॅलरीत मातीतच आहे, कमरेएवढा झालाय